फ्लॉपी इमेज वाचणारा-लिहिणारा प्रोग्राम: साइडचा क्रम, सीआरसी आणि हरवलेले दाखल क्रमांक

दाखलनोंद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. १९९३-९४ मध्ये तिथल्या ग्रंथपाल बाईंनी दाखल नोंदवहीतली १९ हजारांवर पुस्तकं एकटीने संगणकावर चढवली. मशीन पीसी-एक्सटी, आत जिस्ट कार्ड (भारतीय लिप्यांसाठीचं), नोंदी ठेवायचा प्रोग्राम डीबेस थ्री प्लस. सगळा मजकूर ११ फ्लॉपींवर मावला. बाईंनी प्रत्येकीची दुसरी प्रतही करून ठेवली. 'अ' संच आणि 'ब' संच मिळून २२ फ्लॉपी, सव्वापाच इंची, ३६० केबीच्या. पुढे कागदी नोंदवहीच्या पहिल्या चार खंडांना वाळवी लागली. त्यामुळे त्या खंडांतली पुस्तकं कोणती, कोणी देणगी दिलेली, कधी आली, हे आता फक्त या फ्लॉपींवरच आहे.

२००१ च्या सुमारास एका मदतनीसाने यातल्या काहींच्या इमेज (अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलीत केलेली प्रत) करून सीडीवर ठेवल्या होत्या. ती सीडी शाबूत आहे. शिवाय मी १.२ एमबीचा एक जुना ड्राइव्ह आणि ग्रीसवीझल बोर्ड (फ्लॉपीवरच्या चुंबकी बदलांच्या वेळा मोजून संगणकाला देणारा) मिळवलाय. आता या सगळ्या इमेज वाचणारा आणि लिहिणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिहितोय. आतापर्यंत जे समजलं ते मांडतो, चुकत असेन तर सांगा.

सगळ्यात साधी इमेज म्हणजे कच्ची आयएमजी. सेक्टर (चकतीवरचे मजकुराचे ठरावीक लांबीचे तुकडे) एकामागोमाग एक, वर शीर्षक नाही, मध्ये खुणा नाहीत. ३६० केबीचं गणित असं: ४० सिलिंडर (दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या वर्तुळाकार ट्रॅकची जोडी), २ बाजू, दर ट्रॅकवर ९ सेक्टर, दर सेक्टरात ५१२ बाइट. गुणाकार ३,६८,६४०. ७२० केबीची इमेज ७,३७,२८० बाइटची, १.२ एमबीची १२,२८,८०० आणि १.४४ ची १४,७४,५६०. माझा प्रोग्राम आधी लांबी बघतो, मग बूट सेक्टर उघडतो. तिथे शून्यापासून मोजून अकराव्या बाइटला डिस्कचा तक्ता सुरू होतो. सेक्टर केवढा, क्लस्टरमध्ये (फाइलीला जागा द्यायच्या एककात) सेक्टर किती, फॅटच्या (कोणती फाइल कुठल्या क्लस्टरांत आहे ते सांगणाऱ्या तक्त्याच्या) प्रती किती, मूळ डिरेक्टरीत नोंदींना जागा किती, हे सगळं तिथे असतं. ३६० केबीच्या डिस्कवर यासाठी ५१२, २, २ आणि ११२ दिसायला हवेत. अगदी जुन्या डिस्कवर हा तक्ता नसतोच. मग फॅटचा पहिला बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) पाहायचा: एफई असेल तर १६० केबी, एफसी १८०, एफएफ ३२०, एफडी ३६०.

फॅट बारा बिटांचं असल्यामुळे तीन बाइटांत दोन नोंदी बसतात. क्लस्टरच्या क्रमांकात त्याचंच निम्मं मिळवायचं (अपूर्णांक सोडून), त्या जागेवरचे दोन बाइट उचलायचे. क्रमांक सम असेल तर खालचे बारा बिट घ्यायचे, विषम असेल तर चार बिट उजवीकडे सरकवायचे. यात मी सम आणि विषमची अदलाबदल केली होती. फाइलचा पहिला क्लस्टर बरोबर यायचा आणि दुसऱ्यापासून भलताच मजकूर. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

आता अडचणी.

सीडीवरच्या ३ आयएमजी फाइलींची लांबी बरोबर आहे, बूट सेक्टर बरोबर आहे, डिरेक्टरीत फाइलचं नाव, तारीख, लांबी सगळं व्यवस्थित दिसतं. फाइल उघडली की मात्र पहिल्या बाइटपासून कचरा. डीबीएफ (डीबेसची) फाइल हेक्स ०३ ने सुरू व्हायला हवी, तो बाइटसुद्धा तिथे नाही.

सीडीवरच ५ फाइली टीडी० प्रकारच्या आहेत. त्यांच्या मूळ फ्लॉपींना आता बुरशी लागलीय.

मी स्वतः बोर्डाने वाचलेल्या फ्लॉपींचा फ्लक्स (चुंबकी बदलांच्या कच्च्या वेळा) एससीपी प्रकारच्या फाइलींत साठवलाय. माझ्या डीकोडरला (त्यातून सेक्टर उलगडणाऱ्या कोडला) त्यात एकही सेक्टर सापडत नाही. बोर्डाबरोबरच्या सॉफ्टवेअरला त्याच फाइलींतले बहुतेक सगळे सापडतात.

आणि एक प्रश्न रचनेचा. वाचता न आलेल्या सेक्टरच्या जागी पुष्कळ साधनं शून्यं भरून मोकळी होतात. इमेज पूर्ण दिसते, पण वाचनालयाच्या दृष्टीने कोरी नोंद आणि हरवलेली नोंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'दाखल क्रमांक अमुक ते तमुक वाचता आले नाहीत' असं मला प्रोग्रामने सांगायला हवंय. हे कोणत्या स्वरूपात साठवावं?

---

कोरीपाटी

बाईंच्या चिकाटीला नमस्कार. एक शंका आहे. बोर्डाबरोबरचं सॉफ्टवेअर जर काम करतंय, तर स्वतःचा डीकोडर कशाला?

---

दाखलनोंद

प्रश्न रास्त आहे. कीर फ्रेझर यांचं ग्रीसवीझल सॉफ्टवेअर उत्तमच आहे, शिवाय खुलं आहे, त्याचा कोड वाचूनच मी शिकतोय. पण मला हवी आहे ती साखळी: हा दाखल क्रमांक, या फाइलच्या या जागेवरचा, या सेक्टरातला, तो सेक्टर 'अ' संचातून, कितव्या फेरीत, सीआरसी (सेक्टरबरोबर लिहिलेला तपासणीचा आकडा) जुळून आला की न जुळता. ती साखळी ठेवायची तर मधली प्रत्येक पायरी माझ्या हातात हवी.

---

चुंबकरेषा

पहिल्या अडचणीचं उत्तर बहुधा माझ्याकडे आहे. त्या तीन इमेजींमध्ये बाजूंचा क्रम वेगळा आहे.

नेहमीच्या आयएमजीमध्ये सिलिंडर ० ची ० बाजू, सिलिंडर ० ची १ बाजू, मग सिलिंडर १ ची ० बाजू, असा क्रम असतो. काही साधनं मात्र आधी ० बाजूचे चाळीसही ट्रॅक लिहितात आणि मग १ बाजूचे चाळीस. लांबी तीच, ३,६८,६४०. म्हणून लांबी पाहून काही कळत नाही.

डिरेक्टरी बरोबर का दिसते, हे मोजून पाहा. बूट सेक्टर १, फॅटच्या दोन प्रती प्रत्येकी २ सेक्टर, मूळ डिरेक्टरी ११२ गुणिले ३२ बाइट म्हणजे ७ सेक्टर. एकूण १२. पहिल्या ट्रॅकवर ९ सेक्टर मावतात, म्हणजे बूट, दोन्ही फॅट आणि डिरेक्टरीचे पहिले ४ सेक्टर. हे दोन्ही क्रमांत एकाच जागी येतात. चार सेक्टरांत ६४ नावं मावतात आणि तुमच्या फ्लॉपीवर एक-दोनच फाइली आहेत. त्यामुळे सगळं ठीक दिसतं, आणि मजकुराचा पहिलाच सेक्टर दुसऱ्या बाजूवर जातो.

तपासून पाहा. सरळ क्रमात पहिल्या क्लस्टरची जागा १२ गुणिले ५१२, म्हणजे ६,१४४. तुमच्या इमेजमध्ये तो सिलिंडर ० च्या १ बाजूचा चौथा सेक्टर आहे, म्हणून ३६० अधिक ३, एकूण ३६३ सेक्टर सोडून पुढे: १,८५,८५६ या जागेवर जा. तिथे ०३ सापडायला हवा.

---

दाखलनोंद

सापडला! १,८५,८५६ वर ०३, पुढचे तीन बाइट ९४, ३, १७ असे वर्ष-महिना-दिवस. डीबेसने शेवटचा बदल १७ मार्च १९९४ ला नोंदलाय. मनापासून आभार. तिन्ही इमेज सुटल्या.

आता प्रोग्राम दोन्ही क्रम करून पाहतो आणि कोणत्या क्रमात फाइलींची सुरुवात त्यांच्या प्रकाराला शोभते ते बघून ठरवतो. ठरवता आलं नाही तर मला विचारतो, मनाने ठरवत नाही.

---

सड्यावरून

मी कोकणातला, म्हणून बुरशीवर बोलायचा मला हक्क आहे. आमच्याकडे चार महिने हवा इतकी ओली की फ्लॉपीच काय, पुस्तकाची पुठ्ठ्याची बांधणीसुद्धा पांढरी पडते.

त्या पाच फ्लॉपी अजिबात ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते, चुंबकी थर खरवडते, आणि तोच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीचीही वाट लावतो. मी केलं ते असं. आवरणाची वरची कड ब्लेडने अलगद उघडली, आतली चकती बाहेर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसल्या, पूर्ण वाळू दिली आणि दुसऱ्या स्वच्छ आवरणात घालून वाचली. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेडही पुसला. चकतीला बोटं लावायची नाहीत, मधल्या कड्याला धरायचं.

आणि वाचायच्या आधी कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा. सव्वापाच इंचीत खाच झाकली की लेखन बंद होतं, साडेतीन इंचीत छिद्र उघडं असलं की बंद. हे उलटसुलट लक्षात राहून एकदा माझी एक फ्लॉपी पुसली गेलीय.

---

घड्याळजी

एससीपीबद्दल. तुमचा डीकोडर बिटांमधलं अंतर कसं ओळखतो? ठरावीक सीमा घातल्यात का?

---

दाखलनोंद

हो. दुप्पट घनतेच्या एमएफएममध्ये (फ्लॉपीवर बिट लिहायच्या पद्धतीत) दोन चुंबकी बदलांमध्ये ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंद असतात असं वाचलं. म्हणून ५ च्या खाली आखूड, ५ ते ७ मध्यम, ७ च्या वर लांब.

---

घड्याळजी

तिथेच अडलंय. तुमचा ड्राइव्ह १.२ एमबीचा आहे. तो मिनिटाला ३६० फेरे मारतो, आणि फ्लॉपी लिहिली गेली ३०० फेऱ्यांच्या ड्राइव्हवर. चकती वेगाने फिरते म्हणून सगळी अंतरं पाच-षष्ठांश होतात. ४ चे ३.३३, ६ चे ५, ८ चे ६.६७. तुमच्या सीमेशी ताडून पाहा: मध्यम अंतर बरोबर ५ च्या रेघेवर पडतं, कधी इकडे मोजलं जातं कधी तिकडे, आणि लांब अंतर मध्यमात जातं. एकही सेक्टर कसा सापडणार? जुन्या कंट्रोलरमध्ये याचसाठी २५० ऐवजी ३०० किलोबिटचा वेग निवडावा लागे.

उपाय असा. एससीपीच्या ट्रॅक शीर्षकात दर फेरीला लागलेला वेळ असतो. तो २०० मिलिसेकंदांच्या जवळ असेल तर ३०० फेरे, १६६.७ च्या जवळ असेल तर ३६०. प्रत्येक अंतराला २०० भागिले प्रत्यक्ष वेळ या गुणोत्तराने गुणा. मग ठरावीक सीमा टाकून द्या आणि चालतं घड्याळ ठेवा. बिटखिडकीची लांबी २ मायक्रोसेकंद धरून सुरुवात करायची. प्रत्येक बदल खिडकीच्या मध्यापासून किती सरकलाय ते पाहायचं. त्या सरकण्याचा मोठा हिस्सा लगेच पुढच्या खिडकीच्या जागेत मुरवायचा, आणि अगदी छोटा हिस्सा, पाचेक टक्के, खिडकीच्या लांबीत. मोटर हळूहळू सुस्तावली तरी घड्याळ तिच्याबरोबर चालतं, आणि एखादा बदल वेडावाकडा आला म्हणून बहकत नाही.

अजून दोन गोष्टी. एससीपीतले आकडे २५ नॅनोसेकंदांच्या एककात, सोळा बिटांचे, मोठा बाइट आधी. शून्य आलं तर तो बदल नव्हे. ६५,५३६ पुढच्या आकड्यात मिळवायचे. आणि तुमचा ड्राइव्ह ८० ट्रॅकचा, फ्लॉपी ४० ट्रॅकची, म्हणून दर वेळी दोन पावलं टाकायची.

---

दाखलनोंद

गुणोत्तर घातलं आणि पहिल्याच फ्लॉपीचे ७२० पैकी ७१७ सेक्टर आले. मी आठवडाभर सीआरसीच्या कोडमध्ये चूक शोधत होतो.

सीआरसीबद्दल इतरांच्या सोयीसाठी लिहितो. (आकडे सगळे हेक्स) बहुपदी १०२१, सुरुवात एफएफएफएफ. सेक्टरची सुरुवात दाखवणाऱ्या खुणेच्या आधीचे तीन ए१ बाइटसुद्धा त्यात मोजायचे. ते तीन घातल्यावर किंमत सीडीबी४ होते, तपासणीचा हा चांगला टप्पा आहे. ते ए१ मुद्दाम एक घड्याळबिट गाळून लिहिलेले असतात. साध्या ए१ चा नमुना ४४ए९, खुणेचा ४४८९. मजकुरात हा नमुना येऊच शकत नाही, म्हणून सेक्टरची सुरुवात शोधता येते.

'ब' संचाचं मात्र विचित्र आहे. एका ओळखीच्यांचा ३६० केबीचा ड्राइव्ह उसना आणून पाहिला, तर त्यात 'ब' च्या फ्लॉपी फार वाईट वाचल्या जातात. माझ्या १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये बऱ्या.

---

चुंबकरेषा

'ब' संच दुसऱ्या मशीनवर केला होता का? पीसी-एटीवर?

---

दाखलनोंद

बाईंना फोन केला. हो, प्रती शेजारच्या कार्यालयातल्या एटीवर केल्या होत्या, आणि फ्लॉपी आधी वापरलेल्या होत्या.

---

चुंबकरेषा

मग कारण स्पष्ट आहे. १.२ एमबीच्या ड्राइव्हचा हेड अरुंद असतो, त्याचा ट्रॅक ३६० केबीवाल्याच्या जवळपास निम्म्या रुंदीचा. त्याने जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध नवा मजकूर लिहिला, दोन्ही कडांना जुना तसाच राहिला. रुंद हेडला दोन्ही एकदम ऐकू येतात. अरुंद हेडला फक्त नवा. 'ब' संच तुमच्याच ड्राइव्हवर वाचा. 'अ' संच मात्र दोन्ही ड्राइव्हवर वाचून ठेवा, कधी रुंद हेडला जास्त चांगला संकेत मिळतो.

आता टीडी०. हे सायडेक्स कंपनीच्या टेलिडिस्कचं स्वरूप. कंपनीने ते प्रसिद्ध केलं नव्हतं. डेव्ह डनफील्ड यांच्यासारख्यांनी उकलून काढलं म्हणून आज वाचता येतं. पहिली दोन अक्षरं इंग्रजी टी-डी. मोठ्या लिपीत असतील तर पुढचा मजकूर सरळ, छोट्या लिपीत असतील तर शीर्षकानंतरचं सगळं एलझेडएसएस आणि बदलत्या हफमनने दाबलेलं, ते आधी उलगडायचं. शीर्षक १२ बाइटचं. त्यातल्या, शून्यापासून मोजून, सातव्या बाइटचा वरचा बिट लागलेला असेल तर पुढे टिप्पणीचा भाग आहे. त्यात तारीख असते, वर्ष १९०० वजा करून आणि महिना शून्यापासून. मग दर ट्रॅकला ४ बाइट, दर सेक्टरला ६ बाइट. ट्रॅकच्या जागी सेक्टरसंख्या २५५ आली की इमेज संपली. सेक्टरचा मजकूर तीन प्रकारे येतो: जसाच्या तसा, दोन बाइटांची पुनरावृत्ती, किंवा तुकड्यातुकड्याने दाबलेला. या इमेजमधल्या तपासणीची बहुपदी १०२१ नाही, ए०९७ आहे.

महत्त्वाचं ते पुढे. सेक्टरच्या खुणांमध्ये हेक्स ०२ म्हणजे वाचताना सीआरसी चुकलं होतं. आणि हेक्स १० म्हणजे डॉसच्या लेखी सेक्टर रिकामा होता म्हणून टेलिडिस्कने तो घेतलाच नाही. इमेज करणाऱ्याने तो पर्याय निवडला असेल तर पुसलेल्या फाइलींचे अवशेष त्यात मिळणार नाहीत. डिरेक्टरीत पहिला बाइट ई५ झालेली नोंद दिसेल, पण तिचा मजकूर गेलेला. म्हणून त्या पाच बुरशी लागलेल्या फ्लॉपी टाकून देऊ नका, टीडी० आहे तरीही.

तुमच्या रचनेच्या प्रश्नाला माझं उत्तर: आयएमडी. डनफील्ड यांच्याच इमेजडिस्कचं स्वरूप, आणि त्यांनी ते नीट लिहून प्रसिद्ध केलंय. वर साधा मजकूर, त्यात तुम्हाला हवी ती टिप्पणी, शेवटी हेक्स १ए. मग दर ट्रॅकला वेग व पद्धत, सिलिंडर, बाजू, सेक्टर किती, केवढे, आणि चकतीवर ते कोणत्या क्रमाने आले त्याची यादी. प्रत्येक सेक्टरच्या आधी एक बाइट: ० म्हणजे मिळाला नाही, १ मिळाला, २ सगळे बाइट सारखे म्हणून एकच साठवला, ५ मिळाला पण चुकीसह. कोरं आणि हरवलेलं यांतला जो फरक तुम्हाला हवाय तो इथे एका बाइटमध्ये आहे. खाली एससीपी जपा, त्यावर आयएमडी करा. आयएमजी फक्त फाइली काढण्यापुरती.

---

शाळेचीघंटा

थोडं विषयांतर होतंय, क्षमस्व. आमच्या शाळेत १९८४ च्या 'क्लास' या शाळांना संगणक देणाऱ्या प्रकल्पातले बीबीसी मायक्रो संगणक आले होते. मी तेव्हा तिथे नवीन शिक्षिका होते. मुलांनी लिहिलेल्या बेसिक प्रोग्रामच्या काही फ्लॉपी कपाटात आहेत. पीसीवर त्या वाचता येत नाहीत असं एकाने सांगितलं. खरं आहे का?

---

घड्याळजी

ताई, साध्या पीसीवर बहुधा नाहीच, पण ग्रीसवीझलसारख्या बोर्डाने नक्की वाचता येतील. बीबीसीच्या डीएफएस (त्यांची फाइली ठेवायची व्यवस्था) फ्लॉपी बहुतेक करून एफएम पद्धतीच्या, एकपट घनतेच्या असतात. कितीतरी पीसी कंट्रोलर ती पद्धत वाचत नाहीत. बोर्ड फक्त बदलांच्या वेळा मोजतो, त्याला पद्धतीशी देणंघेणं नाही.

दर ट्रॅकवर २५६ बाइटचे १० सेक्टर. ४० ट्रॅकची एक बाजू १,०२,४०० बाइट, ८० ट्रॅकची २,०४,८००. पहिल्या दोन सेक्टरांत यादी, तिच्यात जास्तीत जास्त ३१ फाइली. दोन्ही बाजू वापरल्या असतील तर प्रत्येक बाजूची यादी स्वतंत्र. बेसिकचे प्रोग्राम सांकेतिक बाइटांत साठवलेले असतात, ते उलगडून साध्या मजकुरात आणता येतात. मुलांचे प्रोग्राम आहेत म्हणजे जगात दुसरी प्रत नाही. तुमचा वेगळा धागा काढा, मी येतो मदतीला.

---

अंदाजपत्रक

दाखलनोंद, ज्या सेक्टरांत सीआरसी चुकतं तिथे एकेक बिट उलटवून पाहा ना. जुळलं की दुरुस्त. मी असा कोड लिहिलाय, पाठवू का?

---

घड्याळजी

मी याला विरोध करेन, आणि गणित दाखवून करेन. सेक्टरात ४,०९६ बिट. सीआरसी सोळा बिटांचं, म्हणजे ६५,५३६ शक्यता. मूळ बिघाड कसलाही असो, एकेक बिट उलटवून पाहिलं तर ४,०९६ भागिले ६५,५३६, म्हणजे सोळात एकदा निव्वळ योगायोगाने जुळणार. दोन-दोन बिट उलटवायला गेलात तर जोड्या ८३,८६,५६०. त्यातल्या सुमारे १२८ जुळतील आणि खरी असली तर एकच. चुंबकी थर झिजलेला असेल तिथे एकच बिट बिघडत नाही, ओळीने दहा-वीस बिघडतात. प्रोग्राम 'दुरुस्त झालं' म्हणेल आणि देणगीदाराचं नाव बदललेलं असेल.

त्यापेक्षा त्या ट्रॅकचे दहा-वीस फेरे परत घ्या. प्रत्येक फेरीत सीआरसी तपासा. एकदा जरी जुळलं तरी तो सेक्टर घ्या, आणि कितव्या फेरीत जुळला ते लिहून ठेवा.

---

अंदाजपत्रक

सोळात एकदा हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या इमेजींत असे काही सेक्टर 'दुरुस्त' करून ठेवलेत. फ्लक्स जपून ठेवलाय, परत काढतो.

---

अक्षरओळख

मजकुराबद्दल. जिस्ट कार्ड म्हणजे इस्की (भारतीय लिप्यांच्या अक्षरांना बाइट ठरवून देणारी पद्धत) असणार, भारतीय मानक १३१९४:१९९१ च्या वळणाचं. पण गृहीत धरू नका. त्या काळातला बराच मराठी मजकूर फाँटच्या खाजगी सांकेतिकीत असतो, आणि दोन्ही बाइट पाहून सारखेच अगम्य दिसतात.

तुमच्याकडे सोपी कसोटी आहे. वाचनालयाच्या यादीत 'भाषा' हा रकाना असेलच. त्यात 'मराठी' हजारो वेळा आलेलं असणार. इस्कीमध्ये म सीसी, र सीएफ, काना डीए, ठ बीई, दीर्घ वेलांटी डीसी. म्हणून सीसी सीएफ डीए बीई डीसी ही पाच बाइटांची माळ शोधा.

युनिकोडमध्ये नेताना तीन ठिकाणी जपा. हलन्त ई८ दोनदा लागोपाठ आला तर तो उघडा हलन्त, जोडाक्षर करायचं नाही. ई८ नंतर नुक्ता ई९ आला तर अर्धं अक्षर दाखवायचं. आणि 'दुसऱ्या' मधल्या ऱ ला स्वतंत्र बाइट आहे, डी०, त्याला साध्या र मध्ये मिसळू नका. ठरावीक लांबीच्या रकान्यात शेवटचं अक्षर अर्ध्यावर कापलं गेलेलं असू शकतं, रकाना ई८ वर संपलेला दिसेल. तो बिघाड नव्हे, बाईंना जागा पुरली नाही इतकंच. मूळ बाइट शेजारी ठेवूनच रूपांतर करा.

---

दाखलनोंद

माळ सापडली, पहिल्याच फाइलमध्ये १,४०० हून जास्त वेळा. आणि ते वाचून जे वाटलं ते लिहिता येत नाही. शीर्षकं, देणगीदार, एके ठिकाणी शेऱ्यात 'पाने २ ते ५ नाहीत' असं बाईंनी लिहिलंय.

डीबीएफची रचना या कामाला फार सोयीची आहे. शीर्षकात, शून्यापासून मोजून, आठव्या-नवव्या बाइटला शीर्षकाची लांबी, दहाव्या-अकराव्याला नोंदीची लांबी. माझ्याकडे नोंद १८६ बाइटची. गेलेल्या सेक्टरची फाइलमधली जागा फॅटच्या साखळीवरून कळते, तीतून शीर्षक वजा करून १८६ ने भागलं की नोंद क्रमांक. एक सेक्टर गेला की तीन किंवा चार नोंदींना झळ पोचते.

एक चूक होता होता वाचली. 'अ' मधला गेलेला सेक्टर 'ब' च्या त्याच क्रमांकाच्या सेक्टरने भरायचा असं मी ठरवलं होतं. पण 'ब' प्रती वेगळ्या दिवशी झाल्या आणि त्या फ्लॉपींवर आधीचा मजकूर होता. फाइल चकतीवर वेगळ्या क्लस्टरांत बसलीय. सहाव्या फ्लॉपीच्या 'ब' मध्ये तर नोंदीही 'अ' पेक्षा ४० ने कमी. म्हणून जोडणी सेक्टरांची करायची नाही, दाखल क्रमांकाने नोंदींची करायची.

---

कोरीपाटी

वाचतोय. लिहिण्याचा भाग राहिला ना? इमेज परत फ्लॉपीवर?

---

चुंबकरेषा

ते करून पाहाच, वाचणाऱ्या कोडमधल्या चुका तिथेच उघड्या पडतात. ३६० केबीच्या ट्रॅकवर २०० मिलिसेकंदांत ६,२५० बाइट मावतात. सुरुवातीचा भाग १४६. दर सेक्टर खुणा, पत्ता, सीआरसी आणि मजकूर धरून ५७४, त्यापुढे ८० ची मोकळी जागा, असे नऊ म्हणजे ५,८८६. एकूण ६,०३२. उरतात २१८ बाइट, साधारण साडेतीन टक्के. लिहिताना मोटर त्याहून वेगात पळाली तर शेवटचा सेक्टर पहिल्यावर चढतो. आधी ड्राइव्हचा वेग मोजा.

एमएफएम करताना घड्याळबिट आधीच्या बाइटच्या शेवटच्या बिटावर ठरतो. दर बाइट सुटा करून मग जोडलात तर बाइटांच्या सांध्यावर चूक होते, आणि ती काही ठरावीक बाइटांपुरतीच दिसते म्हणून पटकन सापडत नाही. आयएमडीपासून एमएफएम करा, तेच परत डीकोड करून आयएमडी करा, दोन्ही फाइली बाइटन् बाइट सारख्या आल्या पाहिजेत. मगच कोऱ्या फ्लॉपीवर लिहा. मूळ संचावर कधीच नाही.

---

दाखलनोंद

शनिवारी सगळं एकत्र चालवलं. 'अ' च्या ७ फ्लॉपी पूर्ण आल्या. बाकी चारमध्ये मिळून ६१ सेक्टर चुकीसह होते, त्यातले २२ जास्तीच्या फेऱ्यांत सुटले. उरलेल्यांच्या नोंदी 'ब' मधून आणि टीडी० मधून घेतल्या. शेवटी ९ सेक्टर कुठेच मिळाले नाहीत. त्यांची झळ ३१ नोंदींना आहे. त्यातल्या १४ नोंदींची एक कड शाबूत आहे, कुठे लेखक दिसतो पण शीर्षक नाही, कुठे फक्त किंमत.

रविवारी ३१ क्रमांकांची यादी घेऊन वाचनालयात गेलो. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आल्या. दाखल क्रमांकाचा शिक्का पुस्तकाच्या आतही असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी आल्या आल्या तेच सांगितलं. मग दोघांनी कपाटं उघडली. संध्याकाळपर्यंत १९ पुस्तकं हाती लागली. शिक्क्यावरून नोंद भरली, पण ती डीबीएफमध्ये घातली नाही, वेगळ्या फाइलमध्ये 'पुस्तकावरून, हाताने' अशा खुणेसह ठेवली. राहिलेल्या १२ पैकी ५ पुस्तकं वाचकांकडे गेलेली असावीत असं बाईंचं म्हणणं, कोणाकडे ते त्यांना आठवतंय.

कोड थोडा साफ करून पुढच्या आठवड्यात इथे देतो. सड्यावरून, त्या पाच बुरशीच्या फ्लॉपींसाठी मला स्वच्छ रिकामी आवरणं लागतील. तुमच्याकडे जास्तीची आहेत का?

---

सड्यावरून

आहेत. दहा पाठवतो.